उन्हातला रेणू आणि लेझरखालचा रेणू

शिरपूरहून एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा: सेमिनारसाठी वाचताना तिला दोन गोष्टी भेटल्या. डोळ्यातला रेटिनल हा प्रकाश शोषणारा रेणू प्रकाश पडताच २०० फेमटोसेकंदांत वळतो (फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक), आणि प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांत ऊर्जा लाटेसारखी हेलकावत जाते. दोन्ही निष्कर्ष लेझरच्या अतिलघु स्पंदांनी काढलेले आहेत. मग रावेरच्या केळीच्या पानावर ऊन पडतं तेव्हाही हेच घडतं का? उन्हाला तर लेझरसारखा ताल नसतो.

प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्यावर जाणत्या लोकांमध्ये तीसेक वर्षं चर्चा चालली आहे. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. रेणू दोन्हीकडे तोच असतो. त्याच्या ऊर्जापातळ्या त्याच आणि एका पातळीवरून दुसरीकडे जाण्याचे वेगही तेच. पण लेझरच्या स्पंदाखाली आपल्याला जी हालचाल दिसते, ती उन्हात त्या रूपात घडत नाही. उन्हात रेणू एका स्थिर प्रवाहाच्या अवस्थेत असतो. थोडे रेणू वर जातात, थोडे खाली येतात, थोडे वळतात. हे अखंड चालू असतं आणि त्यात ‘आता सुरुवात झाली’ असा क्षण कुठेच नसतो.

माझं कामाचं आयुष्य अतिलघु लेझरच्या सान्निध्यात गेलं आहे, तेव्हा लेझरची बाजू पहिल्यांदा मांडतो.

१९९१ साली बर्कलीत शँक आणि मॅथीज यांच्या गटांनी ऱ्होडॉप्सिनवर, म्हणजे रेटिनल धरून ठेवणाऱ्या डोळ्यातल्या प्रथिनावर, तो प्रसिद्ध प्रयोग केला. तीस-चाळीस फेमटोसेकंदांचा एक स्पंद रेणूंना उत्तेजित करतो आणि मागून येणारा दुसरा, आणखी छोटा स्पंद त्यांची अवस्था टिपतो. दोन स्पंदांमधलं अंतर बदलत गेलं की चित्रांची मालिका तयार होते. त्या मालिकेत २०० फेमटोसेकंदांच्या आत वळलेला रेणू दिसला. याच पद्धतीने रासायनिक बंध तुटताना पाहिल्याबद्दल अहमद झेवेल यांना १९९९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे दिसतं कशामुळे? ३० फेमटोसेकंदांच्या स्पंदात एकच रंग असू शकत नाही. तो साधारण ५०० प्रति सेंटिमीटर एवढ्या पट्ट्यात पसरलेला असतो (प्रति सेंटिमीटर हे वर्णपटात ऊर्जा मोजायचं एकक). त्या पट्ट्यात रेणूच्या जेवढ्या कंपनपातळ्या बसतात तेवढ्या सगळ्या एकदम उत्तेजित होतात, आणि त्यांच्यातलं फेजचं (लाटांच्या चढ-उताराच्या जुळणीचं) नातं ठरलेलं असतं, कारण स्पंदाच्या वेगवेगळ्या रंगांमध्येच ते नातं असतं. अशा सुपरपोझिशनला, म्हणजे फेज जुळलेल्या अनेक पातळ्यांच्या बेरजेला, आपण वेव्हपॅकेट म्हणतो. ते हलतं, पसरतं, वळणाच्या जागी पोचतं. शिवाय नमुन्यातले अब्जावधी रेणू एकाच क्षणी निघतात, म्हणून सगळ्यांची हालचाल एका सुरात मोजता येते. थोडक्यात, शून्य वेळ हे घड्याळ रेणूने लावलेलं नसतं. ते स्पंदाने लावलेलं असतं.

आता ऊन घेऊ. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५७७२ केल्विन. अशा औष्णिक प्रकाशात फेजची आठवण किती काळ टिकते याचा अंदाज प्लँकचा स्थिरांक (२ पायने भागलेला) भागिले बोल्टझमन स्थिरांक गुणिले तापमान या भागाकारातून मिळतो. उत्तर येतं सुमारे १.३ फेमटोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाश जेमतेम ०.४ मायक्रोमीटर जातो. पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरच्या डबक्यात सांडलेल्या डिझेलच्या पातळ थरावर रंग दिसतात, पण खिडकीच्या जाड काचेत ऊन तसे रंग दाखवत नाही, त्याचं कारण हेच: काचेच्या दोन पृष्ठभागांवरून परतणाऱ्या लाटांमध्ये ती आठवण संपून गेलेली असते.

इथे हुशार विद्यार्थीही एका ठिकाणी घसरतात, म्हणून थोडं थांबू. त्यांचा युक्तिवाद असा असतो: ‘कोहेरन्सचा (फेजच्या आठवणीचा) काळ १.३ फेमटोसेकंद, म्हणजे ऊन हे १.३ फेमटोसेकंदांच्या स्पंदांचा अनियमित मारा आहे. मग प्रत्येक स्पंद लेझरपेक्षाही छोटा, वेव्हपॅकेट आणखी छान तयार होणार, फक्त सुरुवातीचा क्षण दर वेळी वेगळा.’ पत्र्याच्या छपरावरचा पाऊस डोळ्यांसमोर आणा. दगड टाकला तर पत्रा एकदा ठणकतो आणि तो ठणका विरत जाताना ऐकू येतो. पाऊस पडतो तेव्हा ठणका ऐकू येत नाही, सलग धो-धो ऐकू येते. आतापर्यंत उपमा बरोबर चालली. पण पावसात थेंब असतात. प्रत्येक थेंबाची पडण्याची वेळ असते, ती तुम्ही नोंदली नाही एवढंच. उन्हात असे थेंबच नसतात. चेनू, ब्रान्चिक, शोल्स आणि साइप यांनी २०१५ मध्ये गणिताने दाखवलं की औष्णिक प्रकाश म्हणजे एकेकट्या लघुस्पंदांचं मिश्रण, असं लिहिताच येत नाही. तसं मिश्रण औष्णिक प्रकाशाची पहिल्या क्रमाचं सहसंबंध-फलनसुद्धा (दोन वेळांच्या प्रकाशलहरींमधलं नातं सांगणारं फलन) पुरतं देत नाही. ते ओढूनताणून जुळवलं, तरी दुसऱ्या क्रमाला ते मोडतं. म्हणून ‘ऊन म्हणजे नोंद न झालेले स्पंद’ हे चित्र मनातून पुसून टाका. तिथे हरवलेली माहिती कुणाकडेच नसते.

तर मग रेणूत काय होतं? समजा, एक तळपातळी आहे आणि तिच्यावर दोन उत्तेजित पातळ्या, एकमेकींपासून १०० प्रति सेंटिमीटर अंतरावर. क्लोरोफिलच्या जोड्यांत एवढं अंतर नेहमीचं आहे. प्रकाश मंद आहे, तेव्हा पहिल्या क्रमाचं पर्टर्बेशन, म्हणजे प्रकाशाचा परिणाम छोटी भर धरून केलेलं गणित, पुरे. डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे रेणूच्या अवस्थेची सगळी माहिती ठेवणारा चौकोनी तक्ता, काढा. कर्णावरचे घटक म्हणजे दोन पातळ्यांवरची लोकसंख्या. कर्णाबाहेरचा घटक म्हणजे त्या दोघींमधला कोहेरन्स, ज्याच्यामुळे हेलकावे दिसतात. प्रकाश स्थिर असेल, म्हणजे त्याचं सहसंबंध-फलन फक्त दोन वेळांमधल्या अंतरावर अवलंबून असेल, तर गणित सरळ सुटतं. लोकसंख्या वेळेच्या प्रमाणात वाढत जाते. कोहेरन्स मात्र वाढत नाही. तो दोन भागिले कोनीय वारंवारतेतला फरक, एवढ्या मर्यादेत वरखाली होत राहतो. म्हणून दोघांचं गुणोत्तर वेळेबरोबर घसरत जातं.

आकडे घालून बघा. १०० प्रति सेंटिमीटर म्हणजे हेलकाव्याचा काळ सुमारे ३३३ फेमटोसेकंद, आणि कोनीय वारंवारता सेकंदाला १.९ गुणिले १० चा १३ वा घात रेडियन. एक नॅनोसेकंद ऊन पडल्यावर कोहेरन्स लोकसंख्येच्या दहा हजारात एका भागाएवढा उरतो. आणि हे आपण कोणताही डीफेजिंग (परिसराच्या धक्क्यांनी फेज बिघडणं) न धरता काढलं आहे. प्रथिनातल्या थरथरत्या अणूंचा परिणाम धरला तर तेवढंही राहत नाही. उन्हाने तयार केलेली अवस्था म्हणजे ऊर्जा-पातळ्यांचं मिश्रण, वेळेबरोबर न बदलणारं.

रसायनशास्त्रज्ञ पॉल ब्रूमर यांनी हा मुद्दा १९९१ पासून लावून धरला. मोशे शपिरो यांच्याबरोबरचा त्यांचा २०१२ चा निबंध या विषयात उतरणाऱ्याने सगळ्यात आधी वाचावा असं मला वाटतं. पण मुद्द्याचं मूळ आणखी जुनं आहे. आइन्स्टाइनने १९१६-१७ मध्ये शोषण आणि उत्सर्जनाचे ए आणि बी गुणांक मांडले, ते औष्णिक प्रारणात बसलेल्या रेणूंसाठीच. त्या मांडणीत फक्त लोकसंख्या आणि वेग आहेत, फेज कुठेही नाही. उन्हासाठी तीच मांडणी आजही पुरेशी आहे.

वरचा निष्कर्ष एका गृहीतावर उभा आहे: प्रकाश चालू होऊन बराच काळ लोटला आहे. तो नुकताच, आणि तोही अचानक, चालू केला असेल तर? तर सुरुवातीला कोहेरन्स खरोखर तयार होतो, काही काळ हेलकावे दिसतात. तुमच्या वाचनात ‘इनकोहेरंट (फेजची आठवण नसलेल्या) प्रकाशानेही कोहेरन्स येतो’ असे निबंध आले असतील, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हीच अचानक सुरुवात गृहीत धरलेली असते. म्हणून निबंध हातात घेतल्यावर प्रकाश चालू व्हायला किती वेळ धरला आहे ते आधी शोधा. शेतात ‘अचानक’ म्हणजे काय? पापणी उघडायला सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. वाऱ्याने फाटलेली केळीच्या पानाची पट्टी हलून खालच्या पानावर कवडसा पडतो, तोही याच मापाचा. अगदी एका मिलिसेकंदात ऊन आलं असं धरलं, तरी तेवढ्या वेळात ३३३ फेमटोसेकंदांचे तीन अब्ज हेलकावे बसतात. रेणूच्या दृष्टीने ते ऊन इतकं हळूहळू आलं की सुरुवातीची लाट उठतच नाही.

आता प्रकाशसंश्लेषणाच्या लाटांकडे वळू, कारण प्रश्नाचा जीव तिथे आहे.

२००७ मध्ये एंजेल, फ्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी हिरव्या गंधक-जिवाणूंच्या एफएमओ या प्रकाशऊर्जा पुढे नेणाऱ्या प्रथिनात ७७ केल्विनला ६६० फेमटोसेकंदांपर्यंत टिकणारे हेलकावे नोंदवले. २०१० मध्ये तसेच हेलकावे २७७ केल्विनलाही, किमान ३०० फेमटोसेकंद, दिसल्याचं प्रसिद्ध झालं. त्यावरून ‘पान हा क्वांटम संगणक आहे’ अशा मथळ्यांची झोड उठली. पुढे काम चालू राहिलं. २०१७ मध्ये डुआन आणि सहकाऱ्यांनी सामान्य तापमानाला तोच प्रयोग करून इलेक्ट्रॉनिक कोहेरन्स (इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधला, अणूंच्या कंपनांचा नव्हे) ६० फेमटोसेकंदांतच मावळतो असं दाखवलं, आणि २०२० मध्ये अनेक गटांनी मिळून घेतलेल्या आढाव्यात निष्कर्ष निघाला की ते लांब टिकणारे हेलकावे बहुतांशी कंपनांचे होते. म्हणजे इथे दोन वेगळ्या हरकती आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. पहिली: लेझरखालीसुद्धा इलेक्ट्रॉनिक हेलकावे फार टिकत नाहीत. दुसरी: समजा टिकले असते, तरी उन्हात ते सुरूच झाले नसते. दुसरी हरकत मला जास्त मूलभूत वाटते, कारण ती प्रथिनावर अवलंबूनच नाही.

पण याचा अर्थ ‘पानात क्वांटम काही नाही’ असा काढणं तितकंच चूक आहे, आणि ते आजकाल फार ऐकू येतं. क्लोरोफिलचे रेणू एकमेकांपासून नॅनोमीटरभर अंतरावर असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. म्हणजे ऊन वेळेच्या बाबतीत कितीही बेशिस्त असलं, तरी एका प्रथिनातल्या सगळ्या क्लोरोफिलांना ते एकाच फेजमध्ये भिडतं. थेट उन्हाचा आडवा कोहेरन्स तर पन्नासेक मायक्रोमीटरपर्यंत असतो. त्यामुळे शोषण होतं ते एकट्या क्लोरोफिलकडून नव्हे, तर अनेकांवर पसरलेल्या पातळीकडून. जांभळ्या जिवाणूंच्या एलएच-२ या प्रकाश गोळा करणाऱ्या प्रथिनात १८ बॅक्टेरिओक्लोरोफिलांचं कडं असतं. तिथला पसरलेला एक्सिटॉन (अनेक रेणूंनी वाटून घेतलेली उत्तेजना) उन्हातही तितकाच खरा आहे. पाठ्यपुस्तकात दोन्हींना कोहेरन्सच म्हणतात, पण जागेवर पसरणं वेगळं आणि वेळेत हेलकावणं वेगळं. उन्हात पहिलं आहे, दुसरं नाही.

केळीच्या पानात एफएमओ नसतंच; तिथे एलएचसी-२ हे प्रकाश गोळा करणारं प्रथिन असतं, त्याच्या एका घटकात (मोनोमरमध्ये) १४ क्लोरोफिल. भर उन्हात एक क्लोरोफिल सेकंदाला साधारण दहा फोटॉन घेतं. दोन शोषणांमध्ये सेकंदाचा दहावा भाग जातो आणि उत्तेजित अवस्था टिकते नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी. म्हणजे क्लोरोफिल आपल्या आयुष्याच्या दहा कोटी भागांतला एखादाच भाग उत्तेजित असतं. प्रयोगशाळेत १०० फेमटोसेकंदांच्या एका स्पंदात आपण शंभरात एक रेणू सहज उत्तेजित करतो. तेवढ्याच वेळात उन्हात ती शक्यता एक लाख कोटींत एक असते. हा फरक लक्षात आला की उन्हाला पर्टर्बेशन का पुरतं ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग २०० फेमटोसेकंदांच्या आकड्याचं करायचं काय? तो टाकून द्यायचा नाही. तो रेणूचा गुणधर्म आहे, त्याच्या पातळ्यांमधल्या बांधणीतून आलेला, आणि तो शर्यतीत कामाला येतो. उत्तेजित रेटिनलपुढे वाटा अनेक असतात: प्रकाश फेकणं, उष्णता देऊन खाली येणं, वळणं. वळणं इतकं वेगवान आहे की प्रकाश फेकायला त्याला सवडच मिळत नाही. ऱ्होडॉप्सिनची फ्लुओरेसन्स, म्हणजे प्रकाश परत फेकण्याचं प्रमाण, लाखात एकाच्या आसपास आहे. वळण्याची कार्यक्षमता सुमारे ०.६५, म्हणजे शंभर फोटॉनांतले पासष्ट सार्थकी लागतात. उन्हात डोळ्याला जे मिळतं ते शोषणाचा वेग गुणिले ही कार्यक्षमता. कार्यक्षमता तेवढीच ठेवून वळायला २०० ऐवजी २००० फेमटोसेकंद लागले असते, तरी डोळ्याला फरक कळला नसता. कारण त्यामागचं यंत्र फार सावकाश आहे: मंद प्रकाशात पाहणाऱ्या, डोळ्यातल्या दंडपेशीचा विद्युत प्रतिसाद सेकंदाच्या काही दशांशांत उमटतो. २०० फेमटोसेकंद हे फळ आहे चांगल्या शर्यतीचं. ते दृष्टीचं घड्याळ नाही.

इथे तुम्ही नक्की विचाराल: ‘पण एकेक रेणू एकेक फोटॉन घेतो ना? दंडपेशी तर एकटा फोटॉनही ओळखते. मग त्या रेणूसाठी शून्य वेळ असणारच.’ हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो. रेणूला फोटॉन ‘केव्हा’ मिळाला हे ठरायला ते कुठेतरी नोंदलं जावं लागतं. दंडपेशीची नोंद मिलिसेकंदांच्या मापाची आहे. फेमटोसेकंदांच्या मापाची नोंद निसर्गात कुणी ठेवत नाही. संगणकावर आपण एकेका रेणूच्या उड्या काढू शकतो, त्याला क्वांटम ट्रॅजेक्टरी म्हणतात. पण एकाच डेन्सिटी मॅट्रिक्सपासून अशा उड्या अनेक रीतींनी काढता येतात, आणि त्या एकमेकांसारख्या नसतात. त्यांची सरासरी मात्र नेहमी एकच येते, आणि मोजता येतं ते तेवढंच. म्हणून उन्हात बसलेल्या एका रेणूची गोष्ट ‘फोटॉन आला, मग वेव्हपॅकेट निघालं, मग वळलं’ अशी सांगणं सोयीचं असलं तरी ती रीत आपण निवडलेली आहे.

याचे परिणाम आपल्याकडे डोळ्यांसमोर आहेत. प्रतिसाद एकरेषीय (प्रकाशाच्या प्रमाणात) आणि फेजविरहित असेल, तर उत्पादन फक्त तीव्रता गुणिले वेळ यावर ठरायला हवं. बुन्सेन आणि रॉस्को यांनी एकोणिसाव्या शतकात हाच नियम प्रयोगातून काढला होता. पण नियम लागू होतो तो पहिल्या पायरीला. मागची पायरी तुंबली की तो मोडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा दुपारी केळीचं पान हवे त्याहून कितीतरी जास्त फोटॉन घेतं. केळी सी-३ गटातली, म्हणजे भात-गव्हासारखं कार्बन बांधणारी. पूर्ण उन्हाच्या खूप आधीच तिचं कार्बन बांधणं कमाल गाठतं, कारण क्लोरोफिलच्या मागे इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या पायऱ्या मिलिसेकंदांच्या आहेत. उरलेली ऊर्जा झिॲझँथिनसारख्या कॅरोटिनॉइडांच्या (पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांच्या) मदतीने पान उष्णता म्हणून टाकून देतं.  पानाची अडचण फोटॉन पकडण्याची नाहीच. ती पुढच्या पायरीची आहे. म्हणूनच ‘क्वांटम लाटांमुळे पान कार्यक्षम’ ही गोष्ट मला कधी पटली नाही. शेतात दुपारी कार्यक्षमता कुठे गळते ते फेमटोसेकंदांत दिसत नाही.

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथाऱ्या घ्या. लाल रंग देणाऱ्या कॅप्सँथिनची उत्तेजित अवस्था पिकोसेकंदांतच विझते, म्हणून बहुतेक फोटॉन निरुपद्रवी उष्णता होऊन जातात. तरी पथारीवर फार दिवस राहिलेली मिरची फिकी पडते, कारण ऑक्सिजन, उष्णता आणि प्रकाश मिळून दर दिवशी थोडे रेणू मोडतात. अशा मंद, साठत जाणाऱ्या नुकसानीला फेजचा काही संबंध नाही.

साक्रीजवळ शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. अशा प्रकल्पांतल्या एका जोडाच्या (सिंगल-जंक्शन) सिलिकॉन पॅनेलची कमाल मर्यादा शॉकली आणि क्वीसर यांनी १९६१ मध्ये काढली, सूर्याला औष्णिक प्रकाशाचा गोळा आणि पॅनेलला फक्त शोषण-उत्सर्जनाचा तोल धरून. त्या गणितातही फेज नाही, आणि साठ वर्षांत एका जोडाच्या कोणत्याही पॅनेलने ते ओलांडलेलं नाही.

मग आम्ही लेझरवर एवढा खर्च का करतो? कारण उन्हाखालचा स्थिर प्रवाह पाहून त्याच्या आतले वेग वेगळे काढता येत नाहीत. वाहत्या नदीच्या फोटोवरून झरा कुठे, ओढा कुठे हे कळत नाही. स्पंद रेणूला अशा अवस्थेत नेतो जी निसर्गात येत नाही, आणि त्या अवस्थेतून परत येताना तो आपली सगळी रचना उघड करतो: पातळ्या, बांधणी, वेग. तो नकाशा घेऊन उन्हाचं गणित करायचं. नकाशालाच प्रवास समजलं की घोटाळा होतो. आणि इनकोहेरंट प्रकाश मुळात प्रयोगाला निरुपयोगी, असंही नाही. रामन आणि कृष्णन यांनी १९२८ मध्ये सुरुवातीचे प्रयोग सूर्यप्रकाशानेच केले, भिंगाने एकवटून, फिल्टरने गाळून. पाऱ्याचा दिवा नंतर आला. वर्णपटाला फेज लागत नाही. मोरिटा आणि याजिमा यांनी १९८४ मध्ये तर दाखवलं की नॅनोसेकंदांच्या गोंगाटी प्रकाशाचे दोन भाग करून एकाला उशीर लावला, तर लघु स्पंदाशिवायही फेमटोसेकंदांचं बारकाईचं मोजमाप करता येतं. विभेदन कोहेरन्सच्या काळावर ठरतं, स्पंदाच्या लांबीवर नाही. ही कल्पना मला आजही फार सुंदर वाटते. मात्र तिथे दोन्ही भाग एकाच गोंगाटाच्या नकला असतात, आणि पानावर पडणाऱ्या उन्हाची नक्कल कुणी करून ठेवत नाही.

खरोखर उघडे असलेले प्रश्न दोन सांगतो. पहिला, दोन पातळ्यांमधलं अंतर त्यांच्या आयुष्यमानाच्या रुंदीपेक्षा (अल्पायुषी पातळीची ऊर्जा जेवढी पसरते त्यापेक्षा) कमी असेल तर वरचं गणित वेगळं वळण घेतं. स्थिर उन्हातही कोहेरन्स टिकू शकतो आणि तोही न हेलकावता. स्कली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये उष्णता-इंजिनाच्या संदर्भात, आणि चेर्बुल व ब्रूमर यांनी २०१४ मध्ये तीन पातळ्यांच्या प्रणालीसाठी हे मांडलं. पण एक नॅनोसेकंदाच्या आयुष्याची रुंदी फक्त ०.००५ प्रति सेंटिमीटर असते, आणि क्लोरोफिलांमधली अंतरं दहा-शेकड्यांत. म्हणून प्रथिनांत याचा मोठा वाटा असेल असं मला वाटत नाही. अणूंत, किंवा मुद्दाम बांधलेल्या प्रणालींत असेल. दुसरा, मंद प्रकाशाच्या फेजने रासायनिक उत्पादन बदलता येतं का? २००६ मध्ये बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनवर तसा दावा झाला. एकट्या रेणूला ते शक्य नाही, परिसराशी बांधलेल्या रेणूला तत्त्वतः शक्य आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.

सेमिनारसाठी वाचण्यापेक्षा करून पाहा. ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये तीन पातळ्यांची प्रणाली मांडा: तळ, आणि वर १०० प्रति सेंटिमीटर अंतरावरच्या दोन. खाली येण्याचा काळ एक नॅनोसेकंद. उत्तेजनाचा वेग शून्यापासून वाढवत नेणारं एक फलन लिहा आणि वाढीचा काळ १० फेमटोसेकंद, १ पिकोसेकंद, १०० पिकोसेकंद असा बदला. प्रत्येक वेळी कोहेरन्स भागिले लोकसंख्या काढून आलेख घ्या. मग हेच वाढीऐवजी ३० फेमटोसेकंदांच्या कोहेरंट स्पंदाने करा. चार आलेख शेजारी ठेवले की या उत्तरातलं निम्मं तुमच्या हातात आलेलं असेल. त्यानंतर पातळ्यांमधलं अंतर कमी करत ०.००५ पर्यंत आणा आणि गुणोत्तर कुठे उलटतं ते पाहा.

शेतातला प्रयोगही आहे. केळीचं ताजं पान अर्धा तास पूर्ण अंधारात ठेवा. अंधाऱ्या खोलीत निळ्या एलईडीचा झोत त्यावर एकदम टाका आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे गडद लाल जिलेटीन धरून चित्रफीत घ्या. पानाची लाल फ्लुओरेसन्स आधी उसळेल आणि मग काही मिनिटांत उतरत जाईल. काउत्स्की यांनी १९३१ मध्ये नोंदवलेला हा परिणाम. चढण्याचे टप्पे दोन मिलिसेकंद, तीस मिलिसेकंद आणि सेकंदाचा काही भाग असे पडतात. मोबाइलला पहिला टप्पा दिसणार नाही, शेवटचा आणि उतार दिसेल. प्रकाश एकदम चालू केल्याचा पानावरचा परिणाम या मापाचा असतो. तो लोकसंख्येचा आणि तुंबलेल्या पायऱ्यांचा आहे, आणि वेगांच्या साध्या समीकरणांनी पूर्ण बसतो. मंद ऊन, कडक ऊन, सकाळचं पान, दुपारचं पान असे फरक करून आलेख काढलेत तर मला जरूर दाखवा.